समेवरची मान

मान हलवण्यात माझा हात कोणी धरू शकणार नाही. गाणं कुठलंही असो, कळो न कळो, समेवर मी मान अशी टाकतो की शेजारी बसलेल्याला वाटावं, हा माणूस घराण्याचा असणार. कुठल्या घराण्याचा, ते विचारू नये. आमच्या घराण्यात आजोबांची भातशेती होती, वडील एसटीत होते आणि गळा म्हणाल तर तो फक्त आजीला होता. तो ती शेजाऱ्यांच्या गुरांवर वापरायची.

ही मान मी पुण्यात कमावली. नोकरीनिमित्त तिथे होतो तेव्हा डिसेंबर आला की सवाई गंधर्व महोत्सवाला जायचो. भीमसेन जोशींनी १९५३ साली गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केलेला हा उत्सव. पण मंचावर काय चाललंय याकडे माझं लक्ष बेताचंच असे. मी पुढच्या रांगांतल्या माना बघत बसायचो. नवशिका ‘हो हो’ अशी मान हलवतो. मुरलेला ‘नाही नाही’ अशी हलवतो, म्हणजे इतकं चांगलं असूच शकत नाही. त्याहून मुरलेला मान हलवतच नाही, नुसते डोळे मिटतो. त्यात झोप लागण्याचा धोका असल्यामुळे मी दुसऱ्या पायरीवर थांबलो.

आता सम ओळखता येत नसताना समेवर मान कशी टाकतात? तबलजीकडे बघायचं. त्याने टाकली की आपण टाकायची. यात आपली मान एखाद्या मात्रेने मागे पडते खरी, पण उशिरा पडलेली मान लोकांना विचारपूर्वक टाकल्यासारखी वाटते.

निवृत्त होऊन मालवणात परत आलो, तेव्हा सामानाबरोबर ही मानही आणली. इथे तिची कदर होईना. मालवणी माणसाला गाणं आवडलं तर तो ते उद्या सकाळी बाजारात सांगतो, आवडलं नाही तर तिथल्या तिथे सांगतो. मान वगैरे हलवत बसत नाही. वर्षभर माझी मान तशी पडूनच होती. मग २०२५च्या सप्टेंबरात ‘दशावतार’ सिनेमा लागला. दिलीप प्रभावळकरांना पडद्यावर बघून माझ्या एका पुणेकर मित्राला कोकणाचे कढ येऊ लागले. त्याचा फोन आला. “अरे, हे सगळं तुमच्याकडे खरंखुरं होतं म्हणे! लाइव्ह! एखादा वीकेंड जमव की.”

जमव म्हणजे काय! त्रिपुरारी पौर्णिमा झाली की सिंधुदुर्गात जत्रांचा असा सपाटा लागतो की दशावतार जमवावा लागत नाही, चुकवावा लागतो. कुठल्या ना कुठल्या गावात रोज दहिकाला, म्हणजे जत्रेतलं रात्रभराचं दशावतारी नाटक, असतो आणि वालावलकर, मोचेमाडकर, पार्सेकर, खानोलकर अशी मंडळं रोज रात्री नव्या देवळापुढे उभी असतात. हे मी मित्राला सांगितलं नाही. दोन दिवस जाऊ दिले आणि फोन करून दमलेल्या आवाजात म्हटलं, “बरीच खटपट केली. शुक्रवार, शनिवार, रविवार, तिन्ही रात्रींचं जुळवलंय.”

शुक्रवारी दहिकाला होता. पालखी फिरून आली, गावकऱ्यांनी गाऱ्हाणं घातलं, सगळ्यांनी एका आवाजात ‘व्हय म्हाराजा’ म्हटलं, आणि मध्यरात्रीच्या सुमारास पेटीचा सूर निघाला. मी सोडून तिथे कोणालाच घाई नव्हती. मला होती, कारण मित्राला सांगण्यासारखं माझ्याकडे फार होतं. मी त्याच्या कानाशी तोंड नेऊन सुरुवात केली. आधी आडदशावतार, मग आख्यान. आडदशावतारात गणपती येतो, रिद्धी-सिद्धी येतात, ब्राह्मण येतो, संकासुर येतो. संकासुराने वेद चोरले होते. वेद का चोरले, याबद्दल दोन मतं आहेत. दोन्ही माझीच. संकासुर काळ्या वेषात आला तेव्हा मी वेदांची चोरी सांगत होतो, आणि त्याचं निवारण होऊन तो गेला तरी माझे वेद चोरीलाच गेलेले होते.

दहिकाल्यात संहिता नसते, हेही मी सांगत होतो. मालक त्या रात्री आख्यान ठरवतो, कोणी काय व्हायचं ते सांगतो, आणि बाकीचे शब्द ज्याने त्याने बाकड्यासमोर उभं राहून आपल्या पदरचे काढायचे. नेपथ्य म्हणजे तेवढं एक बाकडं. बसला तर सिंहासन, चढला तर डोंगर, आडवा झाला तर मंचक. सांगता सांगता मला माझ्याच निरीक्षणाचं इतकं कौतुक वाटलं की आवाज चढला असावा. मागून कोणीतरी माझ्या खांद्यावर टकटक केलं. आमच्या शेजारच्या काकी. बंदरावर मासळी विकतात, पहाटे चारला उठतात, आणि जत्रेच्या रात्री झोपतच नाहीत म्हणून उठायचा प्रश्न मिटतो.

“रे बाबा,” काकी म्हणाल्या, “तुका बोलाचा आसात तर बाकड्यार जावन बस. नायतर गप रव.”

मी गप राहिलो. त्यामुळे गाणं ऐकू आलं.

राणीच्या वेषातल्या नटाने पद घेतलं. नऊवारी, अंबाडा, हातभर बांगड्या. दिवसा हा माणूस कुडाळ स्टेशनबाहेर रिक्षा चालवतो. पद लांबलं. मास्तर पायपेटीवर त्याच्या मागोमाग जात होते, आणि नजर पेटीवर नव्हतीच; ती नटाच्या तोंडावर. नंतर चहाच्या टपरीवर मास्तरांनीच यातली गोम सांगितली. पुढचा संवाद सुचला नाही की नट पदात शिरतो. पद संपेपर्यंत शब्द सापडतो. कधीकधी नाही सापडत. मग मास्तरांना ते चेहऱ्यावरून ओळखून आणखी एक आवर्तन वाजवत ठेवावं लागतं, आणि शब्द आलेला दिसला की थांबावं लागतं. एक मात्रा आधी नाही, एक मात्रा नंतर नाही. हे ऐकून मला माझ्या एक मात्रा उशिराच्या मानेची आठवण झाली आणि मी चहात लक्ष घातलं.

पहाटे हंडी फुटली. मित्राने रात्रभरात मला एकच प्रश्न विचारला होता. “हे सगळं कुठे लिहून ठेवलेलं असतं?” मी म्हटलं, कुठेच नाही. त्यावर त्याने मान हलवली. बघतो तर तिसऱ्या पायरीची, डोळे मिटून. मला जरा लागलंच ते.

शनिवारी डबलबारी. ती सुरू व्हायच्या आधी दोन्ही मंडळांनी आपापल्या पेट्या काढल्या, कापडं सोडली, भाते उघडले, आणि आता मला पेटीबद्दल बोलू द्या. घरी बायको देत नाही.

पेटी ही जन्माने फ्रेंच. पॅरिसच्या अलेक्झांडर डबँने १८४२ साली हार्मोनियमचं पेटंट घेतलं. ती खुर्चीवर बसून, पायांनी भाता मारत वाजवायची. युरोपातले पाद्री ती घेऊन इकडे आले. पण आपला गवई बसतो सतरंजीवर, मांडी घालून. त्याचे पाय आधीच गुंतलेले. तेव्हा कोलकात्याच्या द्वारकानाथ घोष यांनी भाता मागे नेला, हातात दिला आणि पेटी जमिनीवर आणली. एका हाताने वारा घालायचा, दुसऱ्याने सूर काढायचे. पुढे ती भजनात, कीर्तनात, तमाशात, संगीत नाटकात, सगळीकडे जाऊन बसली. कोल्हापूरच्या गोविंदराव टेंब्यांनी तिला मैफलीत प्रतिष्ठा मिळवून दिली. त्यांनीच १९११च्या ‘मानापमान’ला चाली लावल्या. पी. मधुकरांनी तिला एकटीने वाजायला लावलं. मधुकरांचे शिष्य तुळशीदास बोरकर तर इथून हाकेच्या अंतरावरच्या गोव्यातल्या बोरीचे. त्यांना २०१६ साली पद्मश्री मिळाली.

आणि या पेटीवर बंदी होती! आकाशवाणीवर! १९३८ साली जॉन फाउल्ड्स नावाच्या इंग्रज संगीतकाराने रेडिओच्या नियतकालिकात पेटीची यथेच्छ धुलाई केली. तिचे सूर ठोकळेबाज, तिला मींड येत नाही, श्रुती तर औषधालाही नाहीत, अशा सगळ्या तक्रारी. रवींद्रनाथ टागोरांनाही ती खपत नसे. १९४०मध्ये आकाशवाणीने पेटीला दार बंद केलं, आणि ते किलकिलं व्हायला १९७१ उजाडलं. एकतीस वर्षं! स्वातंत्र्य आलं, राज्यघटना आली, संयुक्त महाराष्ट्र झाला, आणि पेटी आपली दाराबाहेर.

तक्रारी खोट्या होत्या असं मी म्हणणार नाही. पेटीला मींड येत नाही हे खरंच आहे. पण दिल्लीत हा खल चालला होता तेव्हा वालावल, मठ, पेंडूर, मसुरे इथल्या देवळांपुढे पेटी रात्रभर वाजतच होती. इथे श्रुती मोजायला कोण बसलंय? इथे पेटीचं काम म्हणजे उघड्यावर, वाऱ्यात, पाचशे माणसं कुजबुजत असताना, फेण्यांचे नि खाजाचे फेरीवाले ओरडत असताना, नटाच्या कानात सूर पोचवणं. सतार हे करून दाखवील का? आणि दशावतारात तर गंमत अशी की कोलकात्याने पाय सोडवले होते ते आम्ही परत अडकवले. मास्तर खुर्चीवर बसून पायांनी भाता मारतात. दोन्ही हात मोकळे, मान वर, नट समोर. म्हणजे डबँसाहेबांची मूळ बैठक आज पॅरिसात असेल-नसेल, पण कुडाळ तालुक्यात शाबूत आहे.

कोकणात पेटी सांभाळणं हे मात्र व्रत आहे. जून लागला की पितळी रिडांवर हिरवट थर चढतो. भात्याला बुरशी. पट्ट्या फुगून एकमेकींना चिकटतात, आणि एखादा सूर एकदा दाबला की सुटतच नाही. अभंग कुठलाही लावा, खाली तो एक सूर हट्टाने चालू. जाणकार पेटी घोंगडीत गुंडाळून ठेवतात, कपाटात चाळीसचा बल्ब लावून ठेवतात. माझ्याकडेही पेटी आहे. निवृत्तीच्या पैशांतून घेतली. खर्ज-नर, दुहेरी सुरांची, नऊ खटक्यांची. वाजवता येत नाही. पण पावसाळ्यात मी तिच्यासाठी बल्ब लावतो. त्याच बल्बच्या उबेवर बायको कुळथाचं पीठ ठेवते. त्यामुळे माझ्या पेटीला कुळथाचा वास येतो, आणि आमच्या पिठीला, मला वाटतं, काळी दोनचा.

असो. डबलबारी.

ज्यांनी बघितली नसेल त्यांच्यासाठी सांगत नाही, त्यांनी बघावी. ज्यांनी बघितलीय त्यांना ठाऊक आहे की वरून भजन आणि आतून कुस्ती असा हा मामला आहे. दोन बुवा, दोन मंडळं, एक देव. बॅनरवर ‘जंगी सामना’ असं छापलेलं. पखवाजवाल्याने धुमेवर कणीक थापून घेतली, झांजवाल्याने झांज खणाणून बघितली, कोरसवाले खाकरले. रूपाचा अभंग शांतपणे झाला. तिथपर्यंत बुवा म्हणजे साक्षात वारकरी. गौळणीपासून मात्र दोन्ही बुवांच्या डोळ्यांत एक चमक येऊ लागली, आणि गजर लागेपर्यंत ते एकमेकांची हजेरी, एकमेकांचं गाव, एकमेकांची पेटी आणि एकमेकांच्या गुरूंचं वय, सगळं विठ्ठलाच्या साक्षीने काढून मोकळे झाले होते.

ही मुंबईच्या गिरणगावातूनही पोसलेली कला आहे. लालबाग-परळच्या खोल्यांत पाळी सुटल्यावर चाकरमानी भजनाला बसत. परशुराम पांचाळ, चिंतामणी पांचाळ अशा बुवांची नावं तिथे आणि इथे सारखीच घेतली जात. १९८२च्या संपाने पुढे गिरण्या गेल्या; भजनी मंडळं राहिली. हे मी मित्राला सांगणार होतो, पण काकी पुन्हा मागेच बसलेल्या.

गौळणीची चाल कानावर आली तशी मी जरा पुढे सरसावलो. ओळखीची वाटत होती. मित्राकडे झुकून हलक्या आवाजात म्हटलं, “यमनाच्या अंगाने चाललंय.” काकींनी मागून त्या हिंदी पिक्चरचं नाव सांगितलं, हिरोचं सांगितलं, आणि तो त्यांनी मालवणातल्या थिएटरात लग्नाआधी बघितला होता हेही सांगितलं. आता माझ्यातला पुणेरी रसिक यावर नाराज व्हायला हवा होता. गौळणीला सिनेमाची चाल! मी नाराज झालोही, साधारण दोन आवर्तनं. पण तिसऱ्या आवर्तनात बुवाने ती चाल अशी वळवली, पखवाजवाल्याने ती अशी उचलली, की त्या पिक्चरवाल्यांनी येऊन ऐकावं. पाचशे माणसं टाळ्यांवर होती. नाराजी कुठे ठेवली ते मलाच सापडेना.

मग बुवांनी सवाल टाकला. समोरच्या बुवाला म्हणाले, कृष्णाचा पांचजन्य सगळ्यांनाच माहीत, अर्जुनाचा देवदत्त शाळेतली पोरं सांगतात. सहदेवाच्या शंखाचं नाव सांगा. आवारात शांतता. मित्राने माझ्याकडे बघितलं. त्याचा माझ्यावर अजून विश्वास होता. मी दुसऱ्या पायरीची मान हलवली आणि म्हटलं, “ते मुळात प्रतीकात्मक आहे.” मागून काकी पुटपुटल्या, “मणिपुष्पक.” समोरच्या बुवांनी घोट घेतला, गजर धरला आणि उत्तर दिलं. मणिपुष्पक. काकींनी बटव्यातून तंबाखू काढली.

आणि मग तो प्रसंग, जो मी आता जो भेटेल त्याला सांगतो. गजर टिपेला पोचला होता. दुसऱ्या बुवाने एकदम हात वर करून सगळं थांबवलं. झांज थांबली, पखवाज थांबला, कोरस थांबला. माझी मान, नेहमीप्रमाणे मागून येत असल्यामुळे, थांबली नाही. बुवांनी माझ्याकडे बोट केलं.

“समोर बसलेल्या काकांका बघा. पखवाज थांबलो, झांज थांबली, काकांची मान काय थांबणा नाय. बरा झाला. मंडळाचे पंख्याचे पैसे वाचले!”

आवार हसून कोसळलं. मित्र हसला. काकींना ठसका लागला. मी? मला आनंद झाला. पुण्यात इतकी वर्षं पुढच्या रांगेत मान हलवली, एका गवयाने कधी माझी नोंद घेतली नाही. इथे बुवांनी मला बारीत घेतलं! पंखा म्हणून का होईना. परतताना मी मित्राला तीनदा विचारलं, “बुवा नेमकं काय म्हणाले रे?” आणि त्याने तिन्ही वेळा सांगितलं. सज्जन माणूस.

रविवारी सकाळी पिंगुळीला धावती भेट दिली. तिथल्या ठाकर समाजाने चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्या अजून हलत्याबोलत्या ठेवल्यात. परशुराम गंगावणेंना २०२१ साली त्यासाठी पद्मश्री मिळाली. त्यावर स्वतंत्रच लिहायला हवं, म्हणून इथे लिहीत नाही. संध्याकाळी किनाऱ्यावर एका पर्यटन महोत्सवाला गेलो. सिंधुदुर्ग १९९७ साली पर्यटन जिल्हा झाला, तेव्हापासून आम्ही पर्यटकांसाठी काही ना काही करत असतो. या महोत्सवात सुरमई थाळी होती, बोटीची सफर होती, फुग्यांवर नेम होता, आणि कार्यक्रमपत्रिकेत ‘लोककला दर्शन : १२ मिनिटे’ असंही होतं.

कला दाखवायला बोलावलेलं मंडळ शुक्रवारचंच. मित्राला आनंद झाला. मी त्याला म्हटलं, आता बघ, दिव्यांच्या झगमगाटात कसं खुलतं ते.

निवेदिका म्हणाली, “आणि आता आपल्या समोर येतंय कोकणचं सुप्रसिद्ध लोकनृत्य!” नृत्य? तेवढ्यात भल्यामोठ्या स्पीकरमधून ढणढण ट्रॅक सुरू झाला. रेकॉर्ड केलेले ढोल, त्यावर कसलासा सिंथेसायझर. संकासुर आला आणि नाचला. राजा आला आणि नाचला. शुक्रवारी जिने पहाटे तीनला पदामागून पद लावून पाचशे माणसं जागी ठेवली होती ती राणी आली, आणि तीही नाचली. कोणी एक शब्द बोललं नाही, एक ओळ गायलं नाही. बारा मिनिटांत ट्रॅक संपला. पर्यटकांनी मोबाइल खाली केले. निवेदिकेने पुढच्या रांगेतल्या मान्यवरांची नावं वाचायला घेतली. त्याला एकोणीस मिनिटं लागली. ती मी घड्याळ लावून मोजली.

मी मंचामागे गेलो. मास्तर तिथे प्लास्टिकच्या खुर्चीत बसले होते. समोर पायपेटी, तिच्यावरचं कापडही काढलेलं नव्हतं. म्हणाले, माइक कमी होते म्हणे. पेटीला, मृदंगाला वेगळे माइक लागतात, जोडणीला वेळ जातो. त्यापेक्षा ट्रॅक बरा. हे सांगताना त्यांचा आवाज चढला नाही. माझा चढला. या माणसाने आयुष्यभर नटाच्या तोंडाकडे बघून सूर धरला. शब्द सापडेपर्यंत कित्येक राजांना नि राण्यांना सांभाळून घेतलं. त्याला गाडीत घालून, पेटीसकट, वीस किलोमीटर आणलं ते मंचामागे बसवायला? दशावतारातून पेटी काढली की उरतो तो फक्त कपडेपट. आकाशवाणीने निदान तोंडावर बंदी घातली होती, कारणं छापली होती, वाद घालायला वाव होता. इथे आमंत्रणपत्रिका होती, स्वागत होतं, चहा होता.

मित्र सोमवारी पहाटे गेला. जाताना त्याने काकींचा फोन नंबर मागितला, माझा त्याच्याकडे होताच असं म्हणून मी मनाची समजूत घातली. आणि मग बसलो पत्र लिहायला. आयोजकांना. असं पत्र मी जन्मात लिहिलेलं नाही. त्यात डबँ होता, टागोर होते, १९४० ते १९७१ होतं, सवाई गंधर्व महोत्सवातला माझा अनुभव होता, एक संगीतप्रेमी म्हणून मला झालेल्या वेदना होत्या, आणि ‘मी’ हा शब्द कितीदा होता ते बायकोने मोजलं. वाचून दाखवल्यावर ती म्हणाली, “ह्या सगळा तुमच्याबद्दल आसा. त्या मास्तरांका पैसे गावले काय, ता विचारलास?”

विचारलं नव्हतं. मंडळाच्या मालकांना फोन लावला.

“गावले मां,” मालक म्हणाले. “नाचाचे गावले. पेटीचे नाय गावाक. पेटी वाजली खय?”

मी तीन पानं फाडली. नव्या पत्रात दोनच ओळी लिहिल्या : पेटीवाल्या मास्तरांची त्या रात्रीची बिदागी द्यावी, आणि पुढच्या वेळी दोन माइक जास्त लावावेत. पाठवून दिलं. आठ-दहा दिवसांनी उत्तर आलं, चांगल्या जाड कागदावर. आपल्या बहुमोल सूचनेबद्दल आयोजक आभारी आहेत. आपल्यासारखे जाणकार रसिक हेच महोत्सवाचं बळ. बिदागीची बाब संबंधित समितीपुढे ठेवली आहे. तरी पुढील वर्षी आपण प्रमुख पाहुणे म्हणून मंचावर उपस्थित राहून शाल-श्रीफळ स्वीकारावं आणि दोन शब्द बोलावेत, ही विनंती. भाषणाची वेळ : ३ मिनिटे.

जाणकार रसिक. हे मी बायकोला दोनदा वाचून दाखवलं आणि एकदा काकींच्या अंगणात, जरा मोठ्याने.

जायचं ठरवलंय. तिथे सगळ्यांदेखत मास्तरांचे पैसे मागायचे, हेही ठरवलंय. भाषणाचे मुद्दे काढायला बसलो. पॅरिसपासून सुरुवात केली, म्हणजे विषयाला भारदस्तपणा येतो. मग कोलकाता, मग टेंबे, मग बंदी. काल घड्याळ लावून म्हणून बघितलं, तर तीन मिनिटं झाली तेव्हा मी १९४०मध्ये होतो. बायको माडीवरून खोबरं काढत होती, तिथूनच ओरडली, “पैशांचा आधी बोला. तो फ्रान्सवालो मागसून!”